नवशिक्यांचा उतार

“जागा तुम्ही ठरवा,” असं म्हणून पंचशीलाने फोन ठेवला तेव्हा शुद्धोधन सोनकांबळे दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात उभा होता. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात एकात एक घातलेल्या दोन रिकाम्या बादल्या. खाली टँकर आला होता आणि सगळी बिल्डिंग त्याला धक्के देत खाली पळत होती. त्याने बाजूला सरकून भिंतीला पाठ लावली. बायको नांदेडला, आपण लातूरला, आणि जागा ठरवायची ती हिमालयातली, हे त्याला जरा विनोदी वाटलं. हसू मात्र आलं नाही, कारण बोलणं सुट्टीचं असलं तरी विषय सुट्टीचा नव्हता. पंचशीला नांदेडच्या एका कॉलेजात खेळ शिकवायची आणि मुलींच्या एनसीसीचं पाहायची. कॅडेट असताना तिला एकदा गुलमर्गला पाठवलं होतं. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमधली ही मुलगी तिथून स्कीइंग शिकून आली आणि मग दर दोन-तीन हिवाळ्यांनी कुठल्या ना कुठल्या तुकडीबरोबर जातच राहिली. आता तिकडच्या एका संस्थेने तिला शिक्षिका म्हणून दोन वर्षांसाठी बोलावलं होतं. कॉलेज रजा द्यायला तयार होतं. जानेवारी संपायच्या आत तिला हो किंवा नाही कळवायचं होतं. “आधी संक्रांतीच्या सुट्टीत आपण दोघं एकदा बर्फावर जाऊन येऊ,” ती आत्ता फोनवर म्हणाली होती, “मग मी काय ते कळवते.” मला कुठं येतंय ते, असं तो म्हणाला. “म्हणूनच म्हणून राहिले. जागा तुम्ही ठरवा.” म्हणजे तो जी जागा निवडेल तिच्यावरून ती ठरवणार होती, राहायचं की जायचं. एवढं न कळण्याइतका तो मूर्ख नव्हता.

“सर, उतरा की खाली,” वरून येणारे मडिवाळप्पा म्हणाले. हे त्याच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी, रिटायर्ड तलाठी. “टँकर काय तुमच्या दाराला येऊन घंटी वाजवणार हाय का?” तो त्यांच्या मागोमाग उतरला. टँकरच्या पाइपाभोवती नेहमीची गर्दी होती, आणि नेहमीसारखंच कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आपला नंबर येईपर्यंत मडिवाळप्पा बोलत राहिले. उदगीर जिल्हा होणार म्हणून बोलवा होती. ती दर दुष्काळात उठते आणि पाऊस पडला की बसते, असं शुद्धोधनचं निरीक्षण होतं. “जिल्हा झाला की म्या चाललो बघा तिकडं,” मडिवाळप्पा म्हणाले. तिकडं पाणी आहे का, असं त्याने विचारलं. “पाणी न्हाई. पण जिल्हा तर व्हईल.” शुद्धोधनने मान हलवली. बर्फाचा विचार करत बादलीत पडणारं गढूळ पाणी बघणं बरं नव्हतं, पण तो बघत होता. या गर्दीत कुणाला सांगितलं असतं की मी आणि माझी बायको बर्फावर घसरायला जातोय, कुठं जावं ते सुचत नाहीये, तर लोकांनी त्याला नंबर सोडून पुढे जाऊ दिलं असतं. वेड्याशी कोण वाद घालतं.

पण जागा ठरवायचीच होती, आणि ठरवायची म्हटल्यावर तो ती नीट ठरवणार होता, कारण नीट ठरवणं हाच त्याचा धंदा होता. लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये तो भौतिकशास्त्र शिकवायचा. या गावात पाणी नसलं तरी मेरिट होतं. दर महिन्याला परीक्षा व्हायची, निकाल लागायचा आणि तुकड्या नव्याने पडायच्या. वरची, मधली, खालची. कुणाला कुठं बसवायचं याचं शेवटचं बोलणं शुद्धोधनचं असे. त्याचं मत पक्कं होतं आणि ते तो पालकांना तोंडावर सांगत असे: हुशार आणि कच्चा एका बाकावर बसले की हुशाराला जांभया येतात आणि कच्चा नुसता उतरवून घेतो. दोघांचंही नुकसान. एकदा देवणीकडच्या दोन बहिणी आल्या होत्या. पहिल्याच परीक्षेत मोठी वर गेली, धाकटी खाली राहिली. मोठी त्याच्याकडे येऊन म्हणाली, सर, मला खालच्या तुकडीत बसवा. तो नाही म्हणाला. दया करून कुणी शिकत नाही, हे त्याने तिला शांतपणे समजावून सांगितलं. नंतर दुपारी त्या दोघी पायरीवर एका डब्यात जेवताना त्याला दिसल्या, आणि त्याला आपलं बरोबर वाटलं. दिवसा वेगळं, जेवताना एकत्र. यात कुणाचं काय गेलं?

त्या हिशेबाने त्याने डोंगर बघायला घेतले. संध्याकाळी क्लासवरून आलं की तो स्टूल ओढून गॅलरीत बसे आणि मोबाइलवर बर्फ पाही. मनालीजवळचं सोलंग लगेच बाद झालं. तिथला उतार सगळा नवशिक्यांचा, लहानसा, लग्नाच्या फोटोला बरा. पंचशीला तिथं दुसऱ्याच दिवशी कंटाळली असती, आणि कंटाळली तरी बोलली नसती. तिचं न बोलणं त्याला माहीत होतं. मग उत्तराखंडातलं औली. तिथे म्हणे एकच लांब उतार, वर न्यायला तारेवरचे पाळणे, देवदाराची झाडं, मागे मोठमोठी शिखरं. त्यावर स्कीइंग येणारा आणि शिकणारा असे दोघेही असतात. येणारा वरून निघतो, शिकणारा खालच्या सपाटीला धडपडत असतो, आणि वरून येणाऱ्याला खालचा दिसत राहतो. शुद्धोधनला हे आवडलं नाही. का आवडलं नाही याकडे तो फार वेळ थांबला नाही. यंदा तिथंही बर्फ कमी आहे असं कुणीतरी लिहिलेलं त्याला दिसलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दुष्काळाचा त्याला झालेला हा पहिला उपयोग.

मग उरलं गुलमर्ग. तिथे खाली मोठं सपाट मैदान आणि बारके बारके उतार, जिथे पहिल्या दिवशीची माणसं काठ्या टेकत उभी असतात. वर जायचा पाळणा दोन टप्प्यांचा. पहिला मधल्या डोंगरापर्यंत, दुसरा थेट अफरवाटच्या माथ्यापर्यंत. तिथून उतरायचं काम कसलेल्या माणसांचं. म्हणजे खालची तुकडी खाली, वरची तुकडी वर, मधे सगळा डोंगर, आणि संध्याकाळी हॉटेलात गरम पाणी. ही रचना पाहून त्याला जवळजवळ आनंद झाला. जणू कुणीतरी लातूरहून जाऊनच तो डोंगर बांधला होता. पंचशीलाला त्याच्यापायी एक दिवसही हळू यावं लागणार नाही. यापेक्षा जास्त एखादा नवरा बायकोला काय देऊ शकतो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. आपल्या घरात असं बायकांसाठी कुणी बसून ठरवलं नव्हतं. तो सात वर्षांचा असताना उस्मानाबादचे दोन भाग होऊन लातूर जिल्हा झाला. वडील, पिराजी, उस्मानाबादला सरकारी ऑफिसात कारकून होते. कुठल्या जिल्ह्यात राहता असं ऑफिसात सगळ्यांना विचारलं गेलं. वडील संध्याकाळी घरी आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, लातूर दिलं. आई, सरजाबाई, तेव्हा गल्लीतल्या बायकांना शिवण शिकवायची. घराच्या पुढच्या खोलीत दुपारी आठ-दहा बायका जमत, मशीन चालत असे, हसणं चालत असे. तिने मशीन पोत्यात बांधलं. लातुरात तिने परत कुणाला शिकवलं नाही. खूप वर्षांनी, वडील गेल्यावर, तिला त्याने एकदा त्याबद्दल विचारलं होतं. “इचारलं असतं तर म्या बी लातूरच म्हणले असते,” आई म्हणाली. “पण इचारलं न्हाई.” म्हातारं माणूस उगाच कीस काढतं असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आता गॅलरीत बसून त्याला वाटलं की आपण वडिलांच्या फार पुढे आलो आहोत.

तरी एक गोष्ट त्याला टोचत होती, आणि ती त्याने गुलमर्गच्या खाली दडपून ठेवली होती. औलीचा तो उतार. वरून येणाऱ्याला खालचा दिसत राहतो. सायकल तो औशाच्या रस्त्यावर शिकला, पहाटे, एकटा, गावाबाहेर नेऊन. गुडघे फुटले ते कुणी पाहिले नाहीत. एक दिवस तो सायकलवर बसून गल्लीत शिरला आणि आपल्याला हे पहिल्यापासून येतंच असं दाखवलं. इंग्रजी असंच. वर्गात एखादं गणित फळ्यावर अडेल या भीतीने तो प्रत्येक गणित आधी घरी सोडवून जायचा, इतक्या वर्षांनंतरही. वडिलांनी एकदा शाळेच्या दाराशी त्याला थांबवून सांगितलं होतं, “दुसऱ्याचं पोरगं चुकलं तर ते पोरगं चुकतंय. आपलं चुकलं तर गल्ली चुकती. ध्यानात ठेव.” त्याने ते ध्यानात ठेवलं. नको तितकं ठेवलं. पोहायला तो शिकलाच नाही, कारण पोहणं एकट्याने शिकता येत नाही. आणि पंचशीला दर वेळी बर्फावरून परत आली की चेहरा काळवंडलेला, ओठ फुटलेले, डोळे मात्र लखलखीत. तेव्हा तो तिला प्रवास कसा झाला, जेवण कसं होतं, थंडी किती होती, एवढंच विचारायचा. ती तेवढंच सांगायची. लग्नाला तेरा वर्षं झाली होती. सुरुवातीला त्याने तिला मला तू म्हण असं सांगितलं होतं. तिने आठवडाभर म्हणून पाहिलं आणि पुन्हा तुम्हीवर आली. तिला जमलं नाही आणि त्याने परत आठवण केली नाही.

शुक्रवारी दुपारी दोन तासांच्या मधल्या वेळात त्याने तिला फोन केला. ठरवलेली जागा प्रत्यक्ष भेटीत सांगायची होती, पण एक बारीकशी सोय लावायची राहिली होती. “गुलमर्गला नवशिक्यांना शिकवणारा कुणी चांगला माणूस आहे का, तुझ्या ओळखीचा?” त्याने विचारलं. पलीकडे मैदानावरचा आवाज येत होता, मुली कवायत करत होत्या, कुणीतरी शिट्टी वाजवली. “कुणासाठी?” पंचशीलाने विचारलं. “माझ्यासाठी. म्हणजे तू मोकळी राहशील.” तिने मुलींना ‘विश्राम’ म्हटलं. मग म्हणाली, “गुलाम रसूल म्हणून एकजण हायेत. लई शांत माणूस. कुणावर ओरडत न्हाईत. नंबर पाठवते.” त्याने नंबर मिळाल्यावर उलट धन्यवाद लिहिलं. तासाला गेल्यावर त्याने घर्षण शिकवलं आणि ते त्या दिवशी फारच छान शिकवलं गेलं. मुलांना बर्फाचं उदाहरण दिलं. समोरच्या बाकांवर बऱ्याच जागा रिकाम्या होत्या, कारण पाण्याअभावी होस्टेलवाल्यांनी मुलांना घरी पाठवायला सुरुवात केली होती. वरच्या तुकडीतलेही गेले होते. राहिलेल्यांना एकत्र बसवा असं ऑफिसातून सुचवण्यात आलं तेव्हा त्याने ते ठामपणे नाकारलं.

शनिवारी तो नेहमीच्या बसने निघाला. चाकूर, अहमदपूर, लोहा. बाहेर सगळं एका रंगाचं होतं. नद्यांच्या पाट्या होत्या, पूल होते, खाली वाळूतून ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या गेल्या होत्या. हा रस्ता त्याने इतक्या वेळा पाहिला होता की तो आता खिडकीतून बघायचा ते सवयीने. शनिवारी जायचं, सोमवारी पहाटे परतायचं. सुरुवातीला बदली मागायचं दोघांच्या बोलण्यात असायचं. नांदेडलाही क्लास निघाले आहेत, तो तिकडे जाऊ शकला असता. लातुरातही कॉलेजं आहेत. पण तो लातुरात वर होता आणि ती नांदेडात. कुणीतरी एकाने खाली यायचं म्हटलं की बोलणं थांबायचं. भांडण असं कधी झालं नाही. त्यांच्या लग्नात भांडणाला पुरेल इतका वेळ एकत्र मिळतच नव्हता, असं ते दोघंही पाहुण्यांना हसून सांगत. लोह्याच्या पुढे ऊन उतरलं. आपण काय बोलायचं ते त्याने मनात जुळवून ठेवलं. आधी सोलंग का नाही, मग औली का नाही, आणि शेवटी गुलमर्ग. फळ्यावर मांडतात तसं.

नांदेडात तरोड्याच्या तिच्या घरी तो पोचला तेव्हा अजून उजेड होता. तिने चहा टाकला. इथे नळाला अजून पाणी येत होतं. तिने त्याला हात-पाय धुवायला बादलीभर ठेवलं होतं आणि त्याने सवयीने अर्धंच वापरलं. चहा घेता घेता त्याने मांडायला सुरुवात केली. ती समोर भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब करून, दिवसभर उभं राहिलेल्या माणसासारखी. तिने एकदाही मधे तोंड घातलं नाही. दोन टप्प्यांचा पाळणा सांगताना त्याने हात डोक्याच्या वर नेला. तू इथे, असं म्हणाला. मग हात जमिनीजवळ आणला. मी इथे.

“म्हणजे दिवसभर मी वर, तुम्ही खाली,” पंचशीला म्हणाली.

“हो. तुझा एक मिनिटही वाया जाणार नाही. आणि संध्याकाळी एकत्र.”

“आता काय वेगळं चालू हाय?”

त्याने कप खाली ठेवला. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती. “मी तिकडचं काम घेतलं,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. “काल कळवलं. तुमचा फोन आला त्याच्यानंतर.” त्याला राग आला, खराखुरा राग, कानापर्यंत. मग मला आठवडाभर का बसवून ठेवलंस, असं तो म्हणाला. जागा ठरवा म्हणालीस, मी ठरवली, जाऊन आल्यावर सांगते म्हणाली होतीस.

“जागेचं काय, कुठलीबी चालली असती,” पंचशीला म्हणाली. “सोलंग म्हणले असते तरी मी आले असते, त्या फोटोच्या टेकाडावर. तुम्ही माझ्याकडून शिकाल असं वाटलं होतं मला. त्याच्यासाठीच तर म्हणले दोघं जाऊ. वीस वर्षं झाली मी पोरींना शिकवून राहिले, हे लोक मला त्याच्यासाठीच बोलावून राहिले. आणि तुम्ही मलाच फोन करून विचारता, शिकवणारा कुणी चांगला हाय का.”

स्कूटर चालू झाली आणि निघून गेली. शुद्धोधनच्या डोक्यात एकदम कितीतरी गोष्टी आल्या, आणि सगळ्या बरोबर होत्या. त्याला तिचा दिवस वाया जायला नको होता. शिक्षकाने घरच्या माणसाला शिकवू नये. हुशार माणसाला कच्च्याबरोबर बांधू नये. यातली एकही तिला सांगण्यासारखी नव्हती. राग कधी गेला ते त्याला कळलं नाही; त्याच्या जागी भीती होती, आणि ती आजची नव्हती. ती जाणार. दोन वर्षं शनिवारच्या बसला अर्थ राहणार नाही. आणि हे थांबवायला त्याने काही केलं नव्हतं. जे केलं होतं ते फार मन लावून उलटं केलं होतं.

“तू शिकव मग,” तो म्हणाला. “आपण जाऊ कुठंही.”

“आता मला बरं वाटावं म्हणून म्हणताय.”

ते खरं होतं. त्याने मान खाली घातली. फरशीवर त्याच्या कपाचा ओला गोल उठला होता. तो बोटाने पुसत तो म्हणाला, “मला तुझ्यापुढं पडायची लाज वाटते.” एवढं वाक्य म्हणायला त्याला फार जड गेलं, आणि म्हणून झाल्यावर ते इतकं किरकोळ वाटलं की त्याला परत घ्यावंसं वाटलं. “कुणाहीपुढं वाटते. पण तुझ्यापुढं जास्त. म्हणून तो माणूस शोधला. तुझ्यासाठी नाही शोधला.”

पंचशीलाने पाय जवळ घेतले. ती त्याच्याकडे असं बघत होती की जणू तो आत्ता दारातून आत आला होता. “हे तुम्ही परवा बोलले असते तर,” ती म्हणाली. ती उठली, कप घेऊन आत गेली, नळ सोडल्याचा आणि लगेच बंद केल्याचा आवाज आला. परत येऊन ती आता भिंतीला न टेकता त्याच्या बाजूला बसली. निर्णय बदलेल का, असं विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की बदलणार नाही. तिला जायचं होतं. त्याच्यामुळे नाही आणि त्याच्यापासून दूर जायचं म्हणूनही नाही. तिला ते काम आवडत होतं, एवढी साधी गोष्ट होती. ती त्याने इतकी वर्षं बाजूच्या खोलीतून येणाऱ्या बोलण्यासारखी ऐकली होती.

“पहिल्या दिवशी काय शिकवतेस?” त्याने विचारलं.

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. त्याने हे खरंच विचारलं आहे का, याची खात्री करत असावी. “पडायला,” ती म्हणाली. “आधी तेच. उभं राहायचं नंतर. बाजूला पडायचं, अंग सैल सोडून. मागं हात टेकवायचा न्हाई, मनगट जातं. पोरी हात टेकवतातच. मी बी टेकवायचे. पहिल्या वर्षी मी नुसती पडतच राहिले होते, सगळ्या बॅचमध्ये जास्त मीच. तुम्हाला माहीत न्हाई ते.”

“नाही,” तो म्हणाला.

मग ती सांगू लागली. कोण होतं बरोबर, कोण हसलं, बूट कसे चावायचे, पहिल्यांदा न पडता खाली आली तेव्हा थांबायचं कसं हे शिकायचं राहूनच गेलं होतं आणि ती चहाच्या टपरीत शिरली होती. बाहेर अंधार पडला तरी दोघांनीही उठून दिवा लावला नाही. तो ऐकत होता. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला तिला तिकडे रुजू व्हायचं होतं.